पर्क्युला नव्हे, ओसेलारिस

रविवार, ७ सप्टेंबर

काल गणपती गेले आणि आज सिद्धेश गेला. गणपती वर्षाने येतील, चिरंजीव अडीच महिन्यांनी. कंपनीने बंगळुरूला पाठवलं आहे. तीस नोव्हेंबरला लग्न, आणि नवरदेव आठवडाभर आधी उगवणार. जाताना त्याने मला आपला समुद्र सांभाळायला दिला. समुद्र म्हणजे हॉलमधली चार फुटी काचेची टाकी, तीत खारं पाणी, थोडे दगड आणि पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे. दिवसातून दोनदा चिमूटभर खाणं घालायचं, पाण्याची पातळी बघायची, आणि "बाबा, याशिवाय दुसरं काहीही करू नका." शेवटची सूचना त्याने तीन वेळा दिली.

भांडुपच्या कारखान्यात छत्तीस वर्षं मी स्टोअर सांभाळलं. अकरा हजार वस्तू आणि प्रत्येकीला स्वतःचं कार्ड. माझ्या स्टोअरमध्ये बिननावाचा वॉशरसुद्धा नव्हता. साहजिकच मी विचारलं, या माशांची नावं काय? म्हणाला, क्लाऊनफिश. रेशनकार्डावर नावाच्या जागी 'माणूस' लिहावं तसं हे उत्तर. फारच खोदून विचारल्यावर त्याने पावती काढून दिली. तीवर 'पिकासो पर्क्युला, जोडी' असं आहे.

ही म्हणाली, आता त्या बिचाऱ्यांचं काही खरं नाही. ही म्हणजे आमच्या सौ. तिला थट्टेची जुनी खोड आहे.

बुधवार, १० सप्टेंबर

तीन दिवस इंटरनेटवर अभ्यास केला. या माशांच्या दोन जाती अगदी एकसारख्या दिसतात, एक पर्क्युला आणि दुसरी ओसेलारिस. पर्क्युलाच्या पट्ट्यांना काळी किनार जाड असते, ओसेलारिसला बारीक. पण 'पिकासो'सारख्या डिझायनर, म्हणजे मुद्दाम पैदास केलेल्या माशांचे पट्टेच वेडेवाकडे, तेव्हा किनारीचा भरवसा नाही. खात्रीची खूण पाठीवरच्या पंखासारख्या परात आहे. पर्क्युलाला तिथे बहुधा दहा काटे असतात आणि ओसेलारिसला अकरा.

भिंग घेऊन मोजायला बसलो. पहिल्यांदा दहा आले, मग अकरा, मग नऊ. स्टोअरमधले बोल्ट निदान मोजताना पोहत नव्हते. शेवटी मोबाइलवर फोटो काढून मोठा करून मोजले. दोन्ही माशांना अकरा. दोनदा पडताळलं.

म्हणजे पावती चुकीची आहे. ही म्हणाली, आता काय माशांना परत पाठवणार? मी म्हटलं, प्रश्न माशांचा नाही, नोंदीचा आहे.

रविवार, १४ सप्टेंबर

कुर्ल्याला जाऊन दुकानदाराला गाठलं. प्रीतम नावाचा तिशीतला माणूस आहे, बोलायला गोड. त्याच्या भिंतीवर नावांचा तक्ताच आहे: मोका, ब्लॅक आईस, स्नोफ्लेक, ग्लॅडिएटर, वायोमिंग व्हाईट. मला वाटलं चुकून कॉफीच्या दुकानात शिरलो. एका माशाचं नाव तर असं आहे की ही वही घरात उघडी पडते म्हणून मी ते इथे लिहीत नाही.

मी फोटो दाखवला, काटे दाखवले. त्याने डोकं खाजवलं आणि कबूल केलं की हे ओसेलारिसच आहेत, फार तर स्नोफ्लेक म्हणता येतील. पण 'पिकासो पर्क्युला' म्हटलं की गिऱ्हाईक खूश होतं. पुढे हेही सांगितलं की एकाच आईबापांची पिल्लं पांढरा रंग किती यावर वेगळी काढतात आणि वेगवेगळ्या नावांनी विकतात. सख्खी भावंडं, आडनावं पाच. मी थक्क झालो.

"काका, मासा तोच आहे ना? नावाचं काय एवढं?" तो म्हणाला.

"नाव तुझ्या मर्जीचं नाही," मी म्हटलं. "तुझ्या दुकानात यायच्या आधीपासून ते त्याचं आहे."

दुकानातली दोन माणसं वळून बघायला लागली. प्रीतमने नवीन पावती करून दिली आणि वर माशांच्या खाण्याची एक पुडी फुकट. सत्याचा असा विजय निवृत्तीनंतर प्रथमच.

शनिवार, २० सप्टेंबर

नेत्रा आली होती. नेत्रा म्हणजे आमची होणारी सून. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. वडील रामनाथराव मासेमारी करतात, आई सगुणाबाई बाजारात मासे विकतात, आणि ती स्वतः मत्स्यशास्त्रात एम.एस्सी. झाली आहे. सिद्धेशने तिला दर शनिवारी टाकीचं पाणी तपासायला सांगितलं आहे. माझ्यावर विश्वास नाही असं नव्हे, पण वर्सोव्याहून आमच्या घाटकोपरला मेट्रो थेट येते म्हणून असेल.

मी तिला पर्क्युला आणि ओसेलारिस यांतला फरक समजावून सांगितला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. टाकीच्या काचेवर मी आता लेबल लावलं आहे, 'अ‍ॅम्फिप्रिऑन ओसेलारिस (पर्क्युला नव्हे)', आणि खाली दोन कार्डं: 'क्र. १, मोठा, नर. क्र. २, लहान, मादी.' ती कार्डं तिने वाचली, तिला जरा खोकला आला, आणि म्हणाली, "अक्षर छान आहे, काका."

मग तिने एक प्रश्न विचारला. दुकानदाराने नवीन नाव दिलं म्हणून मासा नवा होतो का? मी म्हटलं, मुळीच नाही, आणि वीस मिनिटं तोच मुद्दा स्पष्ट केला. ती म्हणाली, हे मी लक्षात ठेवीन. होणाऱ्या सासऱ्याचं इतकं मन लावून ऐकणारी मुलगी आजकाल कुठे मिळते? स्वयंपाकघरात ही कशाला हसत होती कोण जाणे.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

मुहूर्त साधून दारावरच्या नव्या पाटीची ऑर्डर दिली. पितळी पाटी, कोरीव अक्षरं. 'चंद्रप्रकाश साटम. सौ. माधुरी साटम. सिद्धेश साटम. सौ. मृण्मयी साटम.' मृण्मयी म्हणजे नेत्रा. लग्नानंतरचं नाव मी ठरवून टाकलं आहे.

आम्हा साटमांच्या घरात सुनेचं नाव 'म' वरून ठेवायची पद्धत आहे. माझी आई मनोरमा. तिचं मूळचं नाव काय होतं ते आता कोणालाच माहीत नाही. हिचं नाव मी स्वतः निवडलं. नव्वद साली माधुरी हे नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. लग्नातल्या लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले, मी सोन्याच्या अंगठीने त्यात नाव लिहिलं आणि सगळ्यांना पेढे वाटले. सिद्धेशही तसंच लिहील. मृण्मयीतलं जोडाक्षर त्याला तांदळात जमेल की नाही एवढीच शंका आहे, सराव करायला सांगणार आहे.

हिने विचारलं, नेत्राला माहीत आहे का? मी म्हटलं, सरप्राइज आहे. ही म्हणाली, "हो, सरप्राइज तर होईलच."

शनिवार, ११ ऑक्टोबर

पाटी आली. झकास झाली आहे. टेबलावर ठेवून मी पॉलिश करत होतो, तेवढ्यात नेत्रा आली. सरप्राइज फुटलं, पण म्हटलं, बघ तर खरं. तिने पाटी वाचली. मृण्मयीवरून एकदा बोट फिरवलं. मग टाकीपाशी गेली, पाणी तपासलं, आकडे लिहिले आणि चहा न घेता निघाली. लाजली असावी.

ही दारापर्यंत तिच्याबरोबर गेली आणि जिन्यात दोघी बराच वेळ उभ्या होत्या. साड्यांचं काहीतरी चाललं असणार.

शनिवार, २५ ऑक्टोबर

नेत्रा गेल्या शनिवारी आली नाही, आजही नाही. दिवाळीचा फोन तिने हिला केला, मला नाही. सिद्धेश फोनवर 'हो', 'नाही', 'बघू' यापलीकडे जात नाही.

टाकीतलं पाणी रोज थोडं कमी होतं. भर घालायचं काम नेत्राचं होतं, आता मीच तेवढंच खारं पाणी बनवून घालतो. तरी लहान मासा दोन दिवस कोपऱ्यात तोंड करून आहे. घरात सगळ्यांना काय झालंय कळत नाही.

रविवार, २ नोव्हेंबर

सगुणाबाईंनी जेवायला बोलावलं म्हणून वर्सोव्याला गेलो. सुरमई, कोलंबी, निवट्या, तांदळाच्या भाकऱ्या. सगळं पोटभर जेवल्यावर रामनाथराव मला बंदरावर घेऊन गेले. हा माणूस दिवसाला दहा शब्द बोलतो. आपली होडी दाखवली. नारळी पौर्णिमेला रंगवलेली, पुढच्या बाजूला मोठ्या लाल अक्षरात 'नेत्रा', खाली नोंदणी क्रमांक. म्हणाले, पोर झाली त्या वर्षी पहिली इंजिनाची होडी घेतली. मी क्रमांक वाचला. अक्षरं सुबक होती.

परत आलो तर सगुणाबाई वाट बघत होत्या. त्यांनी मला समोर बसवलं.

"बगा व्याही, तुमचे घरात आमची पोर येते, आमाला आनंद हाय. पन तिचा नाव तिचे बापानं ठेवलाय. दर्यावर बी त्याच नावानं हाक मारतान. त्यो पुसाया सांगू नका."

मी म्हटलं, आमच्याकडे चार पिढ्यांची पद्धत आहे, आणि मृण्मयी हे नाव वाईट आहे का? तेव्हा नेत्रा आतून आली. तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

"नाव वाईट नाही, काका. ते माझं नाही. मला सिद्धेशशी लग्न करायचंय, तुमच्या घरात राहायचंय. पण मृण्मयी व्हायचं असेल तर लग्न राहू दे."

पत्रिका छापून आल्या आहेत, हॉल ठरला आहे. मी रागाने उठलो. घरी येऊन सिद्धेशला फोन केला, तर म्हणतो, बाबा, नेत्राने आधी मला विचारूनच सांगितलंय, माझंही तेच. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं आणि अंधारात मी एकटा. एका नावासाठी लग्न मोडायला निघालेली ही पिढी. मला खरंच भीती वाटते आहे. मुलगा हातचा जाईल.

बुधवार, ५ नोव्हेंबर

लहान मासा श्वास घेताना धापा टाकायला लागला. नेत्राला फोन करायची हिंमत झाली नाही. प्रीतमला केला. तो दुकान सोडून आला, हे मानलं पाहिजे. त्याने खारटपणा मोजला आणि कपाळाला हात लावला.

वाफ पाण्याची होते, मिठाची नाही, असं त्याने मला समजावलं. कमी झालेल्या पाण्याच्या जागी साधं शुद्ध पाणी घालायचं असतं. मी रोज खारं घालत राहिलो आणि टाकीचं लोणचं करून ठेवलं. छत्तीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस मी. प्रीतमने थोडं थोडं पाणी बदलायला सुरुवात केली, दोन दिवसांत उतरेल म्हणाला.

चहा पिताना त्याचं लक्ष पाटीकडे गेलं. घरात चौथं कोण, ही मृण्मयी कोण, म्हणून विचारलं. मी पद्धत सांगितली. त्याने बिस्किट चहात बुडवलं.

"म्हणजे तुमचं पण आमच्यासारखंच आहे ना काका. माल आपल्याकडे आला की लेबल आपलं."

तो टोमणा नव्हता. त्याला खरंच बरं वाटलं होतं, कोणीतरी आपल्यातला भेटल्याचं. तो गेल्यावर पाटी कपाटात ठेवली. ही भाजी निवडत होती, तिने वरसुद्धा पाहिलं नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

मासा सावरला. पहाटेच नीट खाल्लं.

सकाळी एकटाच वर्सोव्याला गेलो. काय बोलायचं ते मेट्रोत कागदावर लिहिलं होतं, पण नेत्रासमोर बसल्यावर चष्माच सापडेना. म्हणून सरळ सांगितलं. माझं चुकलं. प्रीतमशी भांडताना जे बोललो ते तुझ्या बाबतीत मला सुचलं नाही. तू नेत्राच राहा. लग्न मोडू नकोस.

सगुणाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. नेत्रा हसली आणि म्हणाली, नाही मोडत. मग मला म्हणाली की आता एक गोष्ट सांगायला हरकत नाही. माझ्या टाकीवरची कार्डं उलटी आहेत.

"मोठा मासा ती मादी, काका. लहान तो नर. हे सगळे जन्मतः नरच असतात, जोडीतला मोठा होतो त्याची मादी होते."

मी विचारलं, सप्टेंबरपासून माहीत होतं तर सांगितलं का नाहीस?

"तुम्ही लेबल लावून मोकळे झाला होतात," ती म्हणाली.

घरी येऊन कार्डं बदलली.

रविवार, ३० नोव्हेंबर

लग्न लागलं. नेत्रा घरी आली. फार दमलोय, थोडंच लिहितो.

पद्धत मोडायची नाही असं नेत्राच म्हणाली. म्हणून ताटात तांदूळ पसरले, सिद्धेशने अंगठीने 'नेत्रा' लिहिलं. दोन अक्षरं, काही चुकायचं कारण नव्हतं. मग नेत्राने त्याच्या हातातून अंगठी घेतली आणि शेजारी 'सिद्धेश' लिहिलं. रामनाथराव मोठ्याने हसले. त्यांचा आवाज मी प्रथमच नीट ऐकला.

सगळे पेढे घ्यायला गेले तरी ही ताटाकडे बघत उभी होती. दमली असावी.

बुधवार, ३ डिसेंबर

सकाळी पेपर वाचत होतो. स्वयंपाकघरात नेत्राने हिला विचारलेलं ऐकू आलं, आई, तुमचं आधीचं नाव काय होतं? कुकरची शिट्टी झाली. मग ही म्हणाली, "रत्नप्रभा." ज्या आवाजात ती ते म्हणाली तो आवाज मी पस्तीस वर्षांत ऐकला नव्हता. कुडाळला मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा तिने असंच नाव सांगितलं होतं. पेपर तसाच हातात राहिला. मला फार वाईट वाटलं, लिहितानाही वाटतंय.

दुपारी पाटीवाल्याकडे गेलो. नवी ऑर्डर दिली.

शनिवार, ६ डिसेंबर

पाटी आली. 'चंद्रप्रकाश. रत्नप्रभा. सिद्धेश. नेत्रा.' सिद्धेश आणि नेत्रा फिरायला गेले आहेत. मी पाटी हिच्यापुढे ठेवली आणि बाजूला उभा राहिलो. माझे डोळे जरा भरले होते हे कबूल करतो. वाटलं, आता हिचेही भरतील.

तिने हात पुसले, पाटी उचलली, बराच वेळ वाचली. घरात ती मालवणी क्वचितच बोलते, माहेरचं कोणी आलं तरच.

"बरा केलास," ती म्हणाली. "पण परत तुमीच ठरवलास. माका इचारलास?"

मग मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, की तुला कोणतं नाव हवं आहे? ती म्हणाली, मला विचार करायला वेळ हवा. पस्तीस वर्षं माधुरी म्हणून मतदान केलं, मुलाच्या शाळेच्या वह्यांवर सह्या केल्या, तीही मीच होते. घाई करू नका. पाटी तिने पेपरात गुंडाळून कपाटावर ठेवली आणि टाकीतल्या माशांना खाणं घालायला गेली.

संध्याकाळी सहज ही वही पहिल्या पानापासून चाळली. पर्क्युला आहे, ओसेलारिस आहे, दोघांच्या काट्यांचा हिशेब आहे. प्रीतमच्या तक्त्यावरची नावं आहेत. या आठवड्यापर्यंत हिचं नाव एकाच दिवशी आलंय, दसऱ्याला, तेही मी ते कसं ठेवलं हे सांगताना. बाकी सगळीकडे 'ही'. आणि हाक मारताना तर मी 'अगं' याशिवाय कधी काही म्हटलेलंच नाही. मी तिचं एक नाव काढून घेतलं, दुसरं दिलं, आणि दोन्हींपैकी एकाही नावाने तिला हाक मारली नाही.